जागच्या सायकलीचा रस्ता

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "अहो, वसंतातल्या संध्याकाळी लोकांना घराबाहेर बोलावून तुम्ही त्यांना घरातल्या सायकलीच्या स्टँडविषयी सांगणार?" प्रश्न गैर नव्हता. ज्या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान आणि राष्ट्राचे अर्थकारण ह्यांचा ऊहापोह होतो, त्यावरून व्यायामाच्या सायकलीपुढचा पडदा कोणत्या उंचीवर असावा आणि तो तिथे कसा धरून ठेवावा हे सांगणे म्हणजे थोडा धीटपणाच आहे. पण मी त्यांना उलट विचारले, "तुमच्या घरी ती सायकल आहे ना? तिच्यावर सध्या काय आहे?" ते हसले. तिच्यावर टॉवेल होता.

हौसेने आणलेली व्यायामाची सायकल काही महिन्यांत कपडे वाळत घालायची दांडी का होते, ह्याची लोक सांगतात ती कारणे ठरलेली आहेत. वेळ मिळत नाही, कंटाळा येतो, गुडघा धरतो. आळसाचा वाटा मीही नाकारीत नाही. परंतु एक कारण असे आहे की, ते ज्याला बाधते त्याच्याही लक्षात येत नाही. कारण दुखणे पायांत नसून मानेत असते आणि मानेच्या दुखण्याचा दोष माणूस उशीला देतो.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांची कुरकुर वाढली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, सायकल चालवा, तीत अंगाचा बराचसा भार सीटवर जातो. रस्त्यावर सायकल मारण्याचे माझे वय राहिलेले नाही आणि तसे रस्तेही राहिलेले नाहीत, म्हणून जागची सायकल घेतली. तिच्या हँडलच्या वर एका दांड्यावर टॅबलेट बसवायचा चिमटा होता. (टॅबलेट म्हणजे पाटीएवढा संगणक, माझ्या वयाच्या मंडळींना ह्या शब्दाने दुसरेच काही आठवते.) रोज अर्धा तास जुन्या मैफलींची चित्रणे पाहत मी पायडल मारू लागलो. तीन आठवड्यांत मान आखडली. उशी बदलली, मग उशी काढून टाकली, मग तेल चोळले. अखेर कंटाळून सायकलच बंद केली आणि आठवडाभरात मान मोकळी झाली. तरीही दोहोंचा संबंध मला लागला नाही.

तो लावला आमच्या नातीने. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीत आली असता तिने मला सायकलीवर बसवले, बाजूने एक छायाचित्र घेतले आणि ते माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजोबा, तुम्ही गाणं ऐकताय की वरून जाणारं विमान बघताय?" छायाचित्रात धड पुढे वाकलेले होते, हनुवटी वर उचललेली होती आणि मानेच्या मागच्या बाजूला ठळक घडी पडली होती. पडदा माझ्या डोळ्यांच्या पातळीहून चांगला वीतभर उंच होता.

आता ह्यात कोणाचा काय अपराध झाला ते पाहू. रस्त्यावरच्या सायकलीला पडदा लागत नाही, कारण तिच्यापुढे रस्ता असतो. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. पण मान कुठे ठेवावी हे तेव्हा कोणी कोणाला शिकवले नाही. नजर काही पावलांपुढच्या जमिनीवर असते म्हणून ती जराशी खाली झुकते, वळणावर मान वळते, मागून हॉर्न वाजला की खांद्यावरून पाहावे लागते. रस्ता मानेला एका जागी बसूच देत नाही. जागच्या सायकलीने हे सारे काढून घेतले आणि मोबदल्यात एक पडदा दिला. तो पडदा हाच तिचा रस्ता. आणि रस्ता जिकडे तिकडे मान. रोज अर्धा तास, एकाच कोनात. म्हणून पडदा कोणत्या कोनात धरला आहे ह्याला इतके महत्त्व.

पायांना काम देऊन डोळ्यांना मोकळे सोडायचे ही कल्पना बरीच जुनी आहे. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स ह्याने १७९६ साली 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. हाता-पायांनी फिरवायचे ते लाकडी यंत्र जागच्या सायकलीचे पूर्वज मानले जाते. हिशेब, वाचन किंवा लेखन चालू ठेवून पायांना व्यायाम देता येईल, असे त्याचे वर्णन त्या काळी झाले होते. म्हणजे पुस्तक कुठे धरायचे हा प्रश्न तेव्हापासूनचाच. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजाच्या व्यायामशाळेत जागच्या सायकली होत्या. त्यांच्यापुढे एक मोठी तबकडी होती आणि तिच्यावरचे लाल व निळे काटे कोणता सायकलस्वार किती पुढे गेला ते दाखवीत. तबकडी दूर आणि मोठी, त्यामुळे ती कोणत्याही बैठकीतून दिसे. पुढे शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत श्रम मोजणाऱ्या सायकली आल्या. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग ह्यांची १९१३ सालची आणि स्वीडनच्या फॉन डोबेल्न ह्यांची १९५४ सालची रचना प्रसिद्ध आहे. त्यांवरही मोजपट्ट्या होत्या, पण त्यांकडे अधूनमधून नजर टाकली की काम भागे. पडद्याकडे सतत पाहत राहणे ही अलीकडची गोष्ट. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या 'पेलोटन' ह्या कंपनीने सुमारे बावीस इंची पडदा सायकलीलाच जोडला, आणि शिक्षक त्या पडद्यातून घरोघरी वर्ग घेऊ लागले. त्या पडद्याची गोष्ट पुढे येईल.

प्रथम मान. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते मणक्यांवर सरळ तोलले गेले तर स्नायूंना फारसे काम पडत नाही. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शस्त्रवैद्य केनेथ हंसराज ह्यांनी २०१४ साली गणिताने असा हिशेब मांडला की, डोके पुढे १५ अंश झुकले तर मानेवर येणारा भार सुमारे १२ किलो होतो, ३० अंशांवर १८, ४५ अंशांवर २२ आणि ६० अंशांवर २७ किलो. हे आकडे प्रतिमानावरून काढलेले आहेत, जिवंत मानेत काटा घालून मोजलेले नाहीत. त्यांना मी शिलालेख मानीत नाही. पण भरलेली कळशी छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे ह्यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला ह्या हिशेबाचे मर्म कळेल.

हे झाले खाली झुकण्याचे. पडदा फार खाली असेल, म्हणजे हँडलवरच ठेवला असेल, तर हा भार येतो. माझ्यासारखा पडदा उंच असेल तर मान मागे मोडते, आणि ते उतारवयात अधिक वाईट. मणक्यांच्या बाजूंना ज्या छिद्रांतून हातांकडे जाणाऱ्या शिरा बाहेर पडतात, ती छिद्रे मान मागे गेली की अरुंद होतात. मणके झिजलेल्या माणसाच्या हाताला मुंग्या येतात त्या अशाने. त्यात आमच्यासारख्या चष्मेवाल्यांची आणखी एक गंमत. दुहेरी किंवा चढत्या नंबराच्या चष्म्यात जवळचे दिसण्याची काच खालच्या भागात असते. पडदा हातभर अंतरावर आणि उंच. तो खालच्या काचेतून पाहायचा, म्हणून हनुवटी आणखी वर. चाळिशीच्या पुढच्या माणसाने पडदा तरुण माणसापेक्षा खाली लावावा, हा नियम ह्यातून निघतो. तो दुकानात कोणी सांगत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, मग एकदा योग्य उंची ठरवून पडदा पक्का ठोकून टाकावा. तसे करता येत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. खुर्चीवर दोन माणसे बसली तर त्यांच्या उंचीतला निम्मा फरक नाहीसा होतो, कारण खुर्ची पायांचा हिशेब ठेवीत नाही. ठेंगण्याचे पाय लोंबकळतात, उंचाचे गुडघे वर येतात, इतकेच. सायकलीवर मात्र पाय लांब असेल तितकी सीट वर न्यावी लागते. म्हणून पायांतला फरक आणि धडातला फरक दोन्ही डोळ्यांपर्यंत पोहोचतात. मी आणि माझी पत्नी ह्यांच्या उंचीत वीस सेंटिमीटरांचा फरक आहे, आणि सायकलीवर बसल्यावर आमच्या डोळ्यांच्या पातळीतही जवळजवळ तेवढाच फरक पडतो. त्यात ती ताठ बसते आणि मी हँडलवर रेलतो. धड जितके अंश पुढे झुकेल, तितके अंश समोर पाहण्यासाठी मान मागे घ्यावी लागते. ताठ बसणाऱ्याला जो पडदा नीट, तोच रेलणाऱ्याला उंच. एका घरात एक सायकल आणि चार माणसे असतील तर पडद्याच्या चार जागा हव्यात. तेव्हा पडदा धरणारा हात हलता हवा, आणि हलवल्यावर तो तिथेच राहायला हवा. ह्या दोन मागण्या एकमेकींच्या वैरिणी आहेत.

'हात' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इंग्रजीत ज्याला माउंट म्हणतात त्याची रचना आपल्या हातासारखीच असते. सायकलीच्या खांबाला आवळलेली पकड हा खांदा. मधली बिजागरी हे कोपर. त्याने पडदा वरखाली, पुढेमागे होतो. आणि पडद्याच्या पाठीशी असतो तो मनगटाचा सांधा. त्याने पडदा कलतो, डावी-उजवीकडे वळतो. मोठ्या पडद्यांच्या पाठीवर चार भोके चौरसात असतात, भोकांतले अंतर बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर. हे माप जगभर ठरलेले असल्याने एका कारखान्याचा हात दुसऱ्याच्या पडद्याला बसू शकतो. विकत घेण्यापूर्वी पट्टीने मोजावे.

सांधा जागेवर राहतो तो तीनांपैकी एका उपायाने. पहिला घर्षणाचा: दोन चकत्या बोल्टने एकमेकींवर दाबायच्या. दुसरा दातांचा: चकत्यांना करवतीसारखे दाते असतात, ते एकमेकांत बसतात, असा सांधा घसरत नाही, पण दोन दात्यांच्या मधली जागा मिळत नाही. तिसरा स्प्रिंगने तोल साधण्याचा. मोटारींच्या स्प्रिंगांचे काम करणारे जॉर्ज कारवर्डिन ह्या इंग्रज अभियंत्याने १९३२ साली ह्या तत्त्वावरच्या टेबलदिव्याचे पेटंट घेतले. बोटाने ढकलावा तिथे तो दिवा थांबतो. टेबलावर ही रचना मोठी गोड, परंतु सायकलीवर ती कामाची नाही. बोटाने हलणारी वस्तू सायकलीच्या धक्क्यानेही हलते आणि पडदा नंदीबैलासारखा मान डोलावत राहतो.

राहिले घर्षण. त्याला किती जोर पेलायचा आहे ते गुणाकाराने कळते. पाच किलोचा पडदा सांध्यापासून २० सेंटिमीटरांवर असेल तर पिळाचा जोर १०० किलो-सेंटिमीटर. तोच पडदा दहा सेंटिमीटर आणखी पुढे घेतला की १५०. अर्ध्या किलोचा टॅबलेट ३० सेंटिमीटरांवर केवळ १५. म्हणून टॅबलेटसाठी केलेला चिमटा मोठ्या पडद्याला लावणे हा हिशेबाचा अपराध आहे. कित्येक स्वस्त हातांत मनगटाच्या जागी उखळीचा सांधा असतो, आपल्या खुब्यासारखा. गोळी जितकी मोठी तितके तेवढ्याच दाबाने घर्षण अधिक पुरते. बोराएवढी गोळी असलेला सांधा घेऊ नये. आणि कोणताही घर्षणाचा सांधा कुरकुरला म्हणून त्यात तेल सोडू नये. आपल्याकडे जे वाजते त्याला तेल घालण्याची रीत आहे. इथे ती पडदा पायावर पाडील. माझा पडलाही, मात्र तेलाने नव्हे. मैफल रंगात आली असता टॅबलेट हळूहळू मान टाकू लागला आणि समेच्या सुमारास माझ्या अंगठ्यावर आला. दुकानदाराने सांगितले, "घट्ट आवळा." आवळला, तो पकडीचा प्लास्टिकचा जबडाच तडकला.

पण घसरणे हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून लबाड दोष कंपाचा. मिनिटाला ७५ फेरे मारले तर दोन पायांचे मिळून १५० दाब, म्हणजे सेकंदाला अडीच. प्रत्येक दाबाबरोबर सायकलीचा सांगाडा किंचित झुकतो. आता नुकताच झालेला पाडवा आठवा. गुढीची काठी तळाशी धरून नेताना वरचा तांब्या कसा डुलतो? काठी लांब, वजन टोकाला, आधार खाली. पडद्याचा लांब दांडा ही तशीच गुढी आहे. एका बाजूने आवळलेला दांडा दुप्पट लांब केला तर तेवढ्याच वजनाने त्याचे टोक आठपट वाकते. उलट भरीव दांड्याची जाडी दुप्पट केली तर वाकणे सोळाव्या हिश्श्यावर येते. शिवाय प्रत्येक दांड्याची डुलण्याची आपली एक लय असते. ती पायांच्या लयीशी जुळली की झोक्याला वेळेवर दिलेल्या हलक्या धक्क्यासारखे होते आणि पडदा पाहता पाहता झुलू लागतो. अमुक वेगाला पडदा फार हलतो आणि जरा जोरात मारले की शांत होतो, असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांना कारण कळले असेल. सापासारखा हवा तसा वळणारा जो लवचीक दांडा बाजारात मिळतो, तो पलंगाशेजारी ठीक. सायकलीवर तो निरुपयोगी.

हलला तर हलला, त्याने बिघडते काय, असे वाटेल. तुमच्या हातात आजची कार्यक्रमपत्रिका आहे. ती स्थिर धरा आणि नकार देताना हलवतो तसे डोके भरभर हलवीत वाचा; अक्षरे वाचता येतात. आता डोके स्थिर ठेवून पत्रिका तितकीच भरभर हलवा. अक्षरे पुसट होतात. डोके हलले तर कानातली तोलाची इंद्रिये डोळ्यांना क्षणार्धात उलट फिरवतात. समोरची वस्तू हलली तर डोळ्यांना तिचा पाठलाग करावा लागतो, आणि सेकंदाला अडीच वेळा दिशा बदलणाऱ्या वस्तूचा पाठलाग त्यांना साधत नाही. म्हणून सायकल मारताना आपले डोके हलते ते चालते, पडदा हललेला चालत नाही. दांडा आखूड आणि जाड असावा, आणि पकड डुलणाऱ्या हँडलपेक्षा मुख्य खांबावर असावी.

आता ती पेलोटनची गोष्ट. त्यांच्या पहिल्या सायकलीचा पडदा फक्त वरखाली कलत असे, बाजूला वळत नसे. सायकलीवरून उतरून सतरंजीवर पुढचा व्यायाम करणाऱ्याला शिक्षक दिसेना. मग बाजूला मान मोडून पाहणे आले. तेव्हा इतर छोट्या कारखानदारांनी पडदा आणि खांब ह्यांच्या मध्ये बसवायचा फिरता सांधा काढला आणि तो खपला. स्वतः कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये नव्या सायकलीबरोबर दोन्ही बाजूंना वळणारा पडदा आणला. मध्ये बसवलेल्या सांध्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो स्वतः काही सेंटिमीटर जागा खातो, म्हणजे पडदा तितका पुढे येतो आणि जुन्या बिजागरीवरचा जोर वाढतो. तिचा बोल्ट तेव्हाच पुन्हा आवळावा. आणि वळणाऱ्या पडद्याच्या तारेला सैल वळसा ठेवावा, नाही तर एके दिवशी पडदा वळतो आणि तार येत नाही.

योग्य जागा कशी ठरवावी, ह्याला यंत्र लागत नाही. सीट आपल्या उंचीला लावून पाच मिनिटे पडद्याशिवाय पायडल मारा, अंग आपोआप आपल्या नेहमीच्या बैठकीत येईल. मग डोळे मिटा, मान सैल सोडा, आणखी दहा-वीस फेरे मारा आणि डोळे उघडा. नजर जिथे पडली तिथे पडद्याचा मध्य यावा; बहुतेकांच्या बाबतीत तो डोळ्यांच्या पातळीहून थोडा खालीच येतो. पडद्याचा पृष्ठभाग नजरेला काटकोनात, म्हणजे वरची कड किंचित मागे. मात्र छतावरच्या दिव्याचे प्रतिबिंब पडू लागले तर थोडे मागेपुढे करावे. भिंतीवर टीव्ही असेल तर तोही चालतो, आणि एका दृष्टीने चांगला चालतो. सोफ्यावर बसणाऱ्याला आपल्याकडचे टीव्ही बहुधा उंच लावलेले असतात. सायकलीवर बसल्यावर डोळे जवळजवळ उभ्या माणसाइतके वर जातात आणि तोच टीव्ही बेताचा होतो. दूरचे असल्याने चष्म्याची वरची काच चालते. पण सायकल त्याच्या बरोबर समोर हवी. खोलीतल्या अडचणीमुळे ती तिरपी ठेवली की मान अर्धा तास एकीकडे वळलेली राहते.

घाम हा शेवटचा शत्रू. तो खारट, आणि कपाळावरून थेट पकडीवर टपकतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तो वाळतही नाही. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या पकडीत बसला असेल तर दोन धातूंच्या सांध्यात मीठ साचून बोल्ट धरून बसतो आणि पुढे पान्यालाही दाद देत नाही. सायकलीवरून उतरल्यावर ओल्या फडक्याने, मग कोरड्याने सांधे पुसावे, आणि महिन्यातून एकदा बोल्ट सोडून पुन्हा आवळावे.

आमच्या घरी आता आखूड, जाड दांड्याचा हात आहे आणि उंचीसाठी दातांचा सांधा. खांबावर नातीने नखांच्या रंगाने दोन खुणा करून ठेवल्या आहेत: वरची लाल माझी, खालची गुलाबी तिच्या आजीची. माझी लाल खूण पूर्वीच्या जागेपेक्षा वीतभर खाली आहे. मान दुखत नाही, आणि टॉवेल गॅलरीत दोरीवर वाळतो. फक्त पत्नीची तक्रार अशी की मी उतरताना पडदा तिच्या खुणेवर आणून ठेवीत नाही. ती खरी आहे.